जिभेचा नकाशा : एका चित्राची तपासणी

विज्ञानाच्या पुस्तकांत काही चित्रे अशी असतात, की ती कुणी काढली आणि कशावरून काढली हे विचारावे असे आपल्याला वाटतच नाही. जिभेचा नकाशा हे त्यांपैकी एक. शेंड्याला गोड, दोन्ही कडांना पुढे खारट व मागे आंबट, आणि मुळाशी कडू अशी चार भागांत वाटलेली जीभ आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती फळ्यावर रंगीत खडूने काढलीही असेल. चित्र सुबक आहे, चटकन लक्षात राहते आणि हमखास गुण मिळवून देते. दोष एवढाच, की ते खरे नाही.

ते आले कोठून हे पाहण्यासारखे आहे. हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ साली जिभेच्या कडेने निरनिराळ्या ठिकाणी गोड, खारट, आंबट व कडू द्रावणांचे थेंब ठेवून पाहिले. चव ओळखू येण्यासाठी द्रावण किमान किती तीव्र असावे लागते, एवढेच तो मोजत होता. हे प्रमाण ठिकाणागणिक थोडे बदलते, असे त्याला आढळले. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या मोजमापांचा आलेख दिला. त्या आलेखावरून फरक नेमका किती हे वाचकाला कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे जेथे संवेदना जराशी कमी, तेथे ती मुळीच नाही, असा अर्थ लोकांनी लावला. आलेखाच्या अक्षावर प्रमाण लिहिले नाही म्हणून आपण मुलांचा अर्धा गुण कापतो. या एका चुकीची किंमत मात्र कित्येक पिढ्यांनी मोजली.

व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ साली हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. ठिकाणागणिक फरक आहेत, पण ते अगदी किरकोळ आहेत, असे दिसले. रुचिकलिका जिभेच्या सर्व भागांत सारख्या विखुरलेल्या नाहीत हे खरे. जिभेच्या मध्यभागी त्या फारच कमी असतात. परंतु जेथे त्या आहेत तेथे गोड, आंबट, खारट, कडू या सर्व चवी कळतात. शिवाय रुचिकलिका टाळूच्या मागच्या मऊ भागावरही असतात. नकाशात टाळू नाहीच!

कुणी म्हणेल, लहान मुलांसाठी सोपे करून सांगावेच लागते. अणूचे चित्र तरी कुठे हुबेहूब असते? हा बचाव मला पटत नाही. अणू मुलाला हाताळता येत नाही, जीभ मात्र त्याच्या तोंडातच आहे. साखरेचा कण जिभेच्या कडेला ठेवला तरी गोड लागतो, हे ते दोन मिनिटांत पाहू शकते. ज्या विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे ‘सर, इथेही गोड लागतं’ असे सांगितले, तिला ‘नीट बघ’ म्हणून खाली बसवले गेले असेल, तर तिने त्या तासाला काय शिकले? पुस्तक आणि जीभ यांत वाद झाला तर जीभ खोटी. प्रयोगवहीतला निष्कर्ष प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवलेला असतो, हेही तिने शिकले.

चित्रात जे नाही, ते आणखी बोलके आहे. आपल्याकडच्या मुलाला चवी विचारा. ते गोड, आंबट, खारट यांच्या जोडीने तिखट म्हणणारच. नकाशात तिखटाला घर नाही, तुरटाला नाही. (जपानच्या इकेदांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यात ओळखलेल्या ‘उमामी’लाही नाही, पण त्या चवीला मराठीत स्वतःचे नावच नाही.) मग शिक्षक घाईने सांगतात, ‘तिखट ही चव नाही, ती वेदना आहे.’ विधान चूक नाही, पण त्याने चर्चा नेमकी जिथे सुरू व्हायची तिथेच संपते. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राही रेणूला जागे करते, तोच रेणू सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली दाखवले. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते उष्णता जाणणाऱ्या अशा ग्राहींच्या शोधासाठीच. तेव्हा ‘जिभेला चटका बसला’ म्हणणारे मूल अलंकारिक बोलत नसते.

आपली भाषा या बाबतीत नकाशापेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. मिरची झोंबते, फोडणीचा ठसका लागतो, चिंचेने दात आंबतात, सुरण खाजते. प्रत्येक क्रियापद वेगळी जागा आणि वेगळी घटना सांगते. सुरणाची खाज हे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचे काम आहे. कच्चे केळे तोंडाला तुरट लागते, कारण त्यातील टॅनिने लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड कोरडे, खरखरीत होते. चाकणच्या बाजारात कांदा ‘तिखट’ म्हणून ओळखला जातो, पण त्याने पाणी येते ते डोळ्यांत. तो वायू तयार करणारे कांद्यातील खास विकर तर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातील वर्गात हा प्रश्न आणखी रंगतो. तेथे मराठवाड्यातले, खानदेशातले, उत्तर प्रदेश-बिहारचे, कर्नाटकातले मूल एकाच बाकावर असते. कानडी घरातले मूल ‘खारा’ म्हणते तेव्हा त्याला तिखट म्हणायचे असते. मराठी मूल त्यावरून मीठ समजते. हिंदी घरात मोहरीचे तेल ‘कडवा तेल’ असते, आपल्याकडे खाण्याचे तेल ‘गोडं तेल’. एक कारल्यासारखे कडू नाही, दुसरे साखरेसारखे गोड नाही. गोड्या मसाल्याचेही तसेच. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट. सुंठ, मिरी व पिंपळी यांना ‘त्रिकटु’ म्हणतात ते त्यामुळेच. त्याच शब्दापासून आलेला आपला ‘कडू’ मात्र कारल्याकडे गेला. अशा वर्गात ‘खारा’ हे उत्तर चूक ठरवण्याआधी, तू कशाला खारा म्हणतोस, एवढे तरी विचारले पाहिजे. मूल चूक आहे की आपल्याला त्याचा शब्द ठाऊक नाही, हे त्याशिवाय कसे कळणार? चार चौकटींचा नकाशा हा प्रश्न विचारूच देत नाही.

त्याऐवजी वर्गात एक साधा तक्ता करून घ्यावा. पदार्थ, जाणीव तोंडात (किंवा नाकाडोळ्यांत) कोठे झाली, आणि घरी तिला काय म्हणतात, असे तीन रकाने पुरतील. साखर, मीठ, चिंच, मेथीचे दाणे, आवळा एवढे सामान घ्यावे. आवळ्यावर पाणी पिऊन ते गोड लागते का, हेही मुलांनी नोंदवावे. नाक चिमटीत धरून बडीशेप चावली तर काय उरते आणि नाक सोडताच काय परत येते, हे जरूर करून पाहावे. सर्दीत ‘चव गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा गेलेला असतो तो वास. प्रत्येकाने स्वतःची स्वच्छ काडी वापरावी, एखादा पदार्थ ज्याला चालत नाही त्याला आग्रह करू नये, आणि मिरची वर्गात आणू नये.

‘जिभेच्या कोणत्या भागाला कडू चव कळते?’ हा रिकाम्या जागेचा प्रश्न आता काढू नये. त्याऐवजी असे विचारता येईल : मिरची झोंबते, सुरण खाजते, लिंबू आंबट लागते, रुचिकलिका नसत्या तर यांपैकी काय काय जाणवले असते, आणि असे तुम्हाला का वाटते? एका गुणाला हा प्रश्न जड आहे. चार द्यावेत.