दोन उंबरठे : ना. वा. टिळकांचे कार्य आणि चर्चमधील तरुण पिढीचा प्रश्न

प्रस्तावना

कोणत्याही धर्मसंस्थेपुढे प्रत्येक पिढीत एकच प्रश्न नव्याने उभा राहतो. वडीलधाऱ्यांनी जपलेली श्रद्धा तरुणांपर्यंत पोहोचवायची, तर त्यातील काय बदलावे आणि काय बदलू नये? हा प्रश्न एका धर्मापुरता नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत, भजनी मंडळांत तरुणांनी टाळ हाती घ्यावा, ही ज्येष्ठांची इच्छा असते. पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वसई आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. तेथील मराठी भाषक कॅथलिक समाजाला चार शतकांहून अधिक परंपरा आहे आणि तेथील चर्चनाही याच प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ख्रिस्ती चर्चच्या बाबतीत या प्रश्नाला एक विशेष धार आहे. येथे श्रद्धा ही श्रद्धासूत्राच्या रूपाने नेमकी मांडलेली असते आणि बाप्तिस्म्याने सदस्यत्वाची सीमा निश्चित झालेली असते. त्यामुळे ‘स्वागत’ आणि ‘तडजोड’ यांतील अंतर सहज दिसून येते.

या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत समृद्ध अनुभव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनात व लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात सापडतो. हा विषय धर्मांतराचा नसून धर्मसंस्थेच्या सातत्याचा आहे. त्या दृष्टीने टिळकांच्या कार्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषा आणि रूप यांचा बदल

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात सामील झाले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची मुख्य कर्मभूमी होय. त्या काळी मराठी प्रॉटेस्टंट चर्चमधील उपासनेत पाश्चात्त्य चालींवरील अनुवादित गीतांचा मोठा भरणा होता. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचे रूप ख्रिस्ती प्रचारासाठी आधीच स्वीकारले होते. टिळकांनी त्या वाटेला काव्याची उंची दिली. अभंग, ओवी, पद, भजन ही रूपे त्यांच्या हाती उपासनेची स्वाभाविक भाषा बनली. त्यांची अनेक गीते ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांच्या गायनात रुजली.

हा बदल वरवरचा होता काय? मराठी परंपरेत त्याला पूर्वपीठिका होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कथन गुरू आणि शंका विचारणारे नवख्रिस्ती यांच्या प्रश्नोत्तरांतून पुढे जाते. जुनी पुराणे दूर केली गेली. मग वाचावे काय, ही त्या श्रोत्यांची उणीव होती. अर्थात ती उणीव त्या काळच्या गोव्यातील सक्तीच्या धोरणातून निर्माण झालेली होती, हे विसरता येत नाही. मात्र केवळ निषेधाने श्रद्धा टिकत नाही, तिला आपल्या भाषेतील गीत आणि कथा लागते, ही जाणीव स्टीफन्स यांना झाली होती. कॅथलिक चर्चने जागतिक पातळीवर हे तत्त्व पुष्कळ उशिरा मान्य केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक दस्तऐवज प्रसृत केला आणि लॅटिनबरोबर लोकभाषांना उपासनेत स्थान मिळाले. मिस्सा मराठीत होऊ लागली. श्रद्धासूत्र मात्र तेच राहिले. रूप बदलूनही आशय टिकू शकतो, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

शब्दांचे ओझे

तथापि रूप हे रिकामे पात्र नसते. उसन्या घेतलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा पूर्वेतिहासही येतो. ‘अवतार’ हा शब्द घेतला की वैष्णव परंपरेतील पुनःपुन्हा होणाऱ्या अवतारांची कल्पना त्यामागे उभी राहते. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचे देहधारण एकदाच घडते. ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममृत्यूच्या फेऱ्यातून सुटका सूचित होते. ‘तारण’ या ख्रिस्ती संज्ञेचा केंद्रबिंदू पापक्षमा आणि देवाशी पुनर्मीलन हा आहे. या ठिकाणी टिळकांवर आक्षेप घेणाऱ्यांची शंका निराधार नव्हती.

टिळकांच्या काव्याकडे पाहिले असता त्यांची निवड सरसकट नसल्याचे दिसते. संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले. टिळकांनी तो वत्सल भाव ख्रिस्ताकडे वळवला. गुरुशिष्यभाव, नम्रता, आर्तता हे त्यांनी मोकळेपणाने घेतले, कारण बायबलातही त्यांना आधार आहे. तुकारामांचे ऋण तर ते उघडपणे मान्य करीत. परंतु वधस्तंभ आणि पुनरुत्थान या केंद्रांना त्यांनी बाजूला सारले नाही. १९०९ मध्ये हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचा विषयच ख्रिस्तचरित्र हा आहे. ते त्यांच्या हयातीत अपूर्ण राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. भाव घ्यावा, केंद्र बदलू नये, असा हा विवेक होता. चर्चमधील नव्या रूपांची परीक्षा आजही याच कसोटीवर करता येईल.

उंबरठ्यावरचे दोन अतिथी

केवळ गीतांच्या चाली बदलल्याने तरुण येतात, असा निष्कर्ष मात्र टिळकांच्या अनुभवातून निघत नाही. त्यासाठी ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते. हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. पतीने धर्मांतर केले तेव्हा लक्ष्मीबाई ऐन तारुण्यात होत्या. तो आघात, आप्तांकडील वास्तव्य आणि पुढे पतीकडे परत आल्यावरही जपलेले सोवळे, हे सर्व त्यांनी विनोदाच्या अंगाने पण निर्भीडपणे लिहिले आहे. त्या सुमारे पाच वर्षे पतीच्या श्रद्धेबाहेर राहिल्या. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडून घेतला आणि त्यानंतरच त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मोपदेशकाच्या घरातच एक ठाम असहमती नांदत होती. तिला वेळ मिळाला, म्हणूनच पुढे आलेली श्रद्धा त्यांची स्वतःची ठरली.

दुसरे उदाहरण त्र्यंबक बापूजी ठोंबरे अर्थात बालकवी (१८९०–१९१८) यांचे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात या किशोराला ‘बालकवी’ हे नाव लाभले. पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी त्यांचे वास्तव्य झाले. ‘स्मृतिचित्रे’त ठोंबरे घरच्या मुलासारखे वावरतात, त्यांचे रुसवे, लहरी आणि लक्ष्मीबाईंची माया यांचे चित्र त्या पुस्तकातील सर्वांत जिवंत भागांपैकी आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांनीही आपले उपदेशकपण लपविले नाही. दोघांच्याही श्रद्धेला धक्का न लागता एका तरुणाला घर, काव्याची सोबत आणि आदर मिळाला.

या दोन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. घराचा उंबरठा कोणालाही ओलांडता येत होता. बाप्तिस्म्याचा उंबरठा मात्र जेथे होता तेथेच राहिला. पहिला ओलांडण्यासाठी श्रद्धेची अट नव्हती, आणि दुसरा कोणासाठी खाली आणला गेला नाही.

देवाचा दरबार : एक चिकित्सा

टिळकांच्या अखेरच्या पर्वात हे दोन उंबरठे एकमेकांजवळ आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही अनुयायांचे हे बंधुमंडळ असावे, अशी त्यांची कल्पना होती. परकीय पैसा आणि परकीय रीती यांपासून मुक्त असा ख्रिस्तमार्ग उभा करण्याची तळमळ त्यामागे होती. स्वाभिमानी तरुणाला त्या काळी चर्चपासून दूर ठेवणारी ही खरी अडचण होती, आणि टिळकांनी ती नेमकी ओळखली.

येथेच मूल्यमापन कठीण होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. त्यामुळे त्याला अपयशी ठरविणे अन्यायाचे होईल. तरीही तत्त्वतः एक प्रश्न उरतो. अतिथी आणि सदस्य यांतील भेद पुसला, की अतिथीला प्रश्न विचारण्याची मोकळीक वाढते असे नाही. उलट तो ज्याविषयी अजून साशंक आहे त्याचाच घटक ठरतो. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे ‘नाही’ म्हणता आले, कारण त्यांचे ‘नाही’ स्पष्टपणे ‘नाही’ होते. दरबाराच्या कल्पनेत या ‘नाही’ची जागा धूसर होते. टिळकांच्या घराने जे साधले, ते त्यांच्या संस्थेच्या रचनेत पूर्णपणे उतरले नाही, असे म्हणणे भाग आहे.

वर्तमान संदर्भ

आज मराठी चर्चपुढील चित्र पालटले आहे. टिळकांच्या काळी जे नवे होते, ते भजन आता आजीआजोबांचे गीत ठरू पाहते. तरुण मुले हिंदी व इंग्रजी गीते, गिटार आणि कीबोर्ड यांकडे ओढली जातात. त्यांच्यासाठी वाद्ये बदलावीत काय, या वादात मंडळ्यांची शक्ती खर्च होते. टिळकांच्या अनुभवाच्या प्रकाशात हा वाद दुय्यम आहे. वाद्य बदलल्याने श्रद्धा बुडत नाही, आणि केवळ वाद्य बदलल्याने तरुण टिकतही नाही.

तरुणांना शंका मांडण्याची जागा आणि खरी जबाबदारी हवी असते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व केले. ‘सुबोध बायबल’मधून त्यांनी धर्मग्रंथ आजच्या मराठीत आणला. पाणी, शेती, जमीन यांविषयी चर्चचा माणूस बोलतो, हे पाहणाऱ्या पिढीला श्रद्धा आणि जगणे यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावर आक्षेप घेतला. त्यांनी धर्मगुरूची ओळख सोडली नाही आणि मराठी साहित्यिकाची ओळखही सोडली नाही. फ्रान्सिस पोप यांनी २५ मार्च २०१९ रोजी स्वाक्षरी केलेल्या तरुणविषयक उपदेशपत्रातही तरुण हे केवळ उद्याचे नव्हेत तर आजचे घटक आहेत, हाच आग्रह दिसतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. भाषा, गीत, वाद्य ही रूपे काळानुसार बदलणारी आहेत; त्यांना श्रद्धेचा दर्जा देणे ही ज्येष्ठांची चूक होय. शब्द उसने घेताना त्यांचे ओझे तपासले पाहिजे. ते न तपासणे ही उत्साही सुधारकांची चूक होय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येण्याचा उंबरठा व स्वीकाराचा उंबरठा वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला जितका खुला, तितका दुसरा ओलांडण्याचा निर्णय प्रामाणिक.

हा विचार चर्चपुरता मर्यादित नाही. सप्ताहाच्या मंडपात मागे उभा राहणारा तरुण असो वा वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा विद्यार्थी, त्याला आत घेण्यासाठी विषय सोपा करून टाकण्याची गरज नसते. त्याच्या नकारालाही काही काळ घरात जागा द्यावी लागते. लक्ष्मीबाईंना आणि ठोंबऱ्यांना ती मिळाली. एकीने पुढे श्रद्धा स्वीकारली, दुसऱ्याने नाही. पण दोघेही त्या घराचे राहिले.