संशयाची उतरंड

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचून टाकून द्यायची वस्तू, असे समजून आपली समीक्षा तिला दारातूनच परत पाठवते. दलित साहित्याच्या चर्चेत तर तिचे नावही निघत नाही. पण अपराध, संशय आणि न्याय या तीन खांबांवरच हा वाङ्मयप्रकार उभा आहे. ज्या समाजात माणसांचे जथेच्या जथे जन्मतः संशयित ठरवले गेले, त्या समाजातील वाचकाने त्याची उलटतपासणी करायची नाही, तर कोणी करायची?

अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (१९३४) ही या प्रकारातील नामांकित कादंबरी घेऊ. बर्फात अडकलेली आगगाडी, एका डब्यात रॅचेट नावाच्या धनिकाचे प्रेत, अंगावर बारा वार. हा रॅचेट म्हणजे एका लहान मुलीला पळवून तिचा जीव घेणारा आणि पैशाच्या बळावर न्यायालयातून सुटलेला कासेटी. गुप्तहेर प्वारो प्रवाशांना एकेक करून बोलावतो. राजघराण्यातील म्हातारी असो की तिची मोलकरीण, संशय सर्वांवर सारखाच. शेवटी कळते की बारा जणांनी मिळून, जणू ज्यूरीच बनून, कायद्याला न जमलेली शिक्षा दिली आहे. प्वारो तेव्हा दोन उलगडे मांडतो. एक हा खरा. दुसरा असा की कोणी अनोळखी माणूस गाडीत शिरला आणि खून करून निघून गेला. पोलिसांना दुसराच सांगायचे ठरते. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो.

छत्रपती संभाजीनगरातील माझ्या वर्गात ही कथा सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, पोलिसांनी त्या अनोळखी माणसाला धरून आणले तर?” वर्ग हसला. मला हसता आले नाही.

कादंबरीत तो माणूस बुटका, सावळा, बायकी आवाजाचा आहे. तो मुळात अस्तित्वातच नाही, म्हणून हे खोटे निरुपद्रवी वाटते. प्रतिष्ठितांचा अपराध पोटात घालायचा तर तो बाहेरच्या कोणावर तरी टाकावा लागतो. युरोपातल्या त्या डब्याला असा माणूस कल्पनेने उभा करावा लागला. आपल्या गावाला ती तसदी नाही. आपल्याकडे तो गावकुसाबाहेर पाल ठोकून राहतो.

ख्रिस्तीला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. मुलीच्या अपहरणानंतर पहिला संशय घरातल्या दाईवर गेला. तिने खिडकीतून उडी टाकून जीव दिला आणि मग ती निर्दोष ठरली. म्हणजे डब्यात सर्वांवर समान असलेला संशय घरात मात्र खालच्या पायरीवरूनच सुरू झाला होता. कादंबरी ही गोष्ट ओझरती सांगून पुढे जाते. आपल्याला तिथेच थांबले पाहिजे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही पायरी सरकारी दप्तरात पक्की केली. पुरावा नंतर, जात आधी. सोलापुरात या जमातींना काटेरी तारांच्या आत ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या ‘विमुक्त’ झाल्या. तारा निघाल्या, नजर निघाली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचताना हे पानोपानी जाणवते. त्यात कोणी चोरीच केली नाही असा बचाव नाही. भुकेने चोरी करायला लावली हे ते स्वच्छ सांगतात. पण ज्याने केली आणि ज्याने केली नाही, त्या दोघांच्याही पाठीवर तीच काठी बसते. रहस्यकथा विचारते, खून कोणी केला? इथे प्रश्न असतो, तू कोणाचा?

कोणी म्हणेल, हा इतिहास झाला. तर २००३ साली नाशिक जिल्ह्यात घडले ते पाहा. बागेतल्या एका गरीब कुटुंबाच्या झोपडीत पाच जणांची हत्या झाली. जखमी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही. भटक्या जमातीतील सहा मजूर आरोपी झाले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे गेली. मारल्या गेलेल्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, हेही विसरता कामा नये. खोटा संशय दोन घरे उद्ध्वस्त करतो.

याची दुसरी बाजू खर्ड्याची. २०१४ साली अहमदनगर जिल्ह्यातील या गावात एका दलित विद्यार्थ्याला दिवसाढवळ्या शाळेतून मारत नेऊन ठार केले गेले. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. कासेटी सुटला तेव्हा बारा जणांनी सुरा उचलला आणि प्वारोने त्यांना क्षमा केली. खर्ड्याच्या निकालानंतर दलितवस्तीतील बारा माणसांनी तसे केले असते, तर त्यांच्यासाठी कोणी दुसरा उलगडा शोधला असता काय? क्षमेलाही जात असते.

म्हणून या कादंबरीचा शेवट मला मान्य करता येत नाही. तिची गुंफण अजोड आहे, हे कबूल. पण सुऱ्याने मिळवलेला न्याय ज्यांच्यापाशी प्रतिष्ठा आहे त्यांनाच पचतो. आपल्याजवळ बाबासाहेबांनी दिलेले संविधान आहे. तपास नीट व्हावा, साक्षीदाराला संरक्षण मिळावे, निकाल वेळेत लागावा, हे आपण हक्काने मागत राहिले पाहिजे. आणि आपल्यातून कोणी रहस्यकथा लिहायला बसलाच, तर त्याने ती त्या अनोळखी माणसाच्या पालापासून सुरू करावी. रात्री दोन वाजता बाहेर जीप थांबते, आणि आत निजलेल्या माणसाला अजून ठाऊकही नसते की कुठे काय घडले आहे.