सिंह कोणाचा?

सुमेरच्या इनान्नादेवीचे चित्र मराठी वाचकापुढे आले की त्याची नजर प्रथम सिंहाकडे जाते आणि उत्तर तयार असते : ही तर आपली सिंहवाहिनी. आमच्या मंडळाच्या एका नवरात्र-व्याख्यानात आम्हीही असेच सांगून टाळ्या मिळवल्या होत्या. पुढे सुमेरी काव्यांची भाषांतरे सावकाश वाचण्याचा योग आला, तेव्हा आपण श्रोत्यांच्या हाती फार स्वस्त उत्तर ठेवले, हे ध्यानी आले. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या व्याख्यानाची दुरुस्ती समजावी.

आपल्याकडे देवतेचा प्राणी म्हणजे बहुधा तिचे वाहन. उंदीर दिसला की गणपती, नंदी दिसला की महादेव, ही ओळख आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की जगातील प्रत्येक देवतेला आपण तीच कसोटी लावतो. सुमेरी वाङ्मय मात्र हा हिशेब मानीत नाही. लगाशचा राजा गुदेआ याच्या, इ.स.पू. २१०० च्या सुमाराच्या, मातीच्या दोन दंडगोलांवर एक दीर्घ मंदिर-काव्य कोरलेले आहे. १८७७ साली ते उत्खननात सापडले व आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यात गुदेआला स्वप्न पडते. स्वप्नातील विराट पुरुषाच्या डाव्या-उजव्या अंगाला सिंह पहुडलेले असतात. हा पुरुष म्हणजे निनगिर्सु, एक पुरुषदेवता. म्हणजे सिंह हे काही देवीचेच चिन्ह नव्हे. त्याच स्वप्नात पायाने भूमी उकरणारे एक गाढव आहे. स्वप्नाचा अर्थ सांगणारी नान्शेदेवी, जी मासे व पाणपक्षी यांची स्वामिनी, ती राजाला सांगते की ते गाढव म्हणजे तू स्वतः. आपल्या कानाला ही शिवी वाटेल. तिथे मात्र तो सेवातत्पर राजाचा गौरव आहे. प्राण्याचा अर्थ त्या त्या भाषेत राहतो, तो सोबत बांधून नेता येत नाही.

मग इनान्नेचा प्राणी कोणता? तिच्या उरुक नगरीत सापडलेले संगमरवरसदृश दगडाचे पात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे असून एक मीटरहून किंचित उंच आहे. त्यावर तळाशी पाणी, त्यावर वनस्पती, त्यावर मेंढे व मेंढ्यांची रांग, त्यावर टोपल्या वाहणारे पुरुष आणि सर्वांत वर इनान्नेच्या बोरूच्या जुड्यांपुढे उभी असलेली स्त्री, असा क्रम आहे. ती देवी की तिची पुजारीण, हा वाद आहे. पण तिच्या पायाशी सिंह नाही. तिथे कळप आहे. इनान्नेचा प्रियकर दुमुझी हा मेंढपाळच आहे, हे इथे आठवावे. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदादच्या संग्रहालयातून हे पात्र लुटले गेले आणि जूनमध्ये तुकड्यांच्या रूपाने परत आले.

निनहुरसागदेवीची गोष्टही अशीच. तल अल-उबैद येथील तिच्या मंदिरावर गाईंचे दूध काढणारे व ते घुसळणारे लोक कोरलेले होते. एअन्नातुम राजा आपण तिच्या दुधावर पोसलो असे अभिमानाने नोंदवतो. गिल्गामेशची आई निनसुन, हिच्या तर नावातच रानगाय आहे. ती गाईवर बसत नाही. तिचे मातृत्वच गाईच्या रूपाने बोलले जाते. इसिन नगरीची आरोग्यदेवता निनिसिना हिचा प्राणी कुत्रा. तिच्यासाठी एन्लिल-बानी राजाने श्वानगृह बांधले आणि पुढे कित्येक शतकांनी तिथल्या मंदिराजवळ पुरलेल्या तेहतीस कुत्र्यांचे सांगाडे उत्खननात मिळाले. गाय, कुत्रा, मेंढी यांतील प्रत्येक नाते निराळे आहे : एकीचा स्वभाव, दुसरीचा सोबती, तिसरीची संपत्ती.

आणि प्राणी सदैव देवीच्या बाजूलाच असतो असेही नाही. इनान्नेने बागेत लावलेल्या हुलुप्पू वृक्षाची कथा पाहावी. मुळाशी नाग, शेंड्यावर अन्झू पक्षी, खोडात एक भुतीण, आणि देवी असहाय होऊन रडते आहे. शेवटी गिल्गामेश येऊन नागाला मारतो.

सिंह मग आला कोठून? अक्कादी राजवटीतील, म्हणजे इ.स.पू. २३०० च्या आसपासच्या मुद्रांवर तो ठळक होतो. शिकागोच्या प्रसिद्ध मुद्रेवर सशस्त्र देवीचा एक पाय सिंहावर आहे, त्याचा दोर तिच्या हाती आहे. पण ती त्यावर स्वार नाही. साम्राज्य उभे राहिले, युद्धे वाढली आणि कळपाच्या देवीचे रणरूप पुढे आले, असा आमचा तर्क आहे. सार्गोनची कन्या एन्हेदुअन्ना हिच्या नावावरील स्तोत्रांत देवी महासर्पासारखी, महापुरासारखी आहे. त्या उपमा आहेत, वाहने नव्हेत. मेंढवाडा मात्र सुमेरी गीतांतून कधीच नाहीसा झाला नाही.

चिन्हावरून नाव ठरवण्याचा धोका 'रात्रीची राणी' या शिल्पाने चांगला दाखवून दिला आहे. पन्नास सेंटिमीटरच्या आतबाहेर उंचीचे हे मातीचे शिल्प इ.स.पू. अठराव्या शतकातील, म्हणजे सुमेरी सत्ता मावळल्यानंतरचे आहे. ब्रिटिश म्युझियमने ते २००३ साली विकत घेतले. पंख व पक्ष्याचे पंजे असलेली देवी, पायाखाली दोन सिंह, दोन्ही बाजूंना घुबडे. पंजे व घुबडे पाहून १९३७ मध्ये क्रेलिंग यांनी तिला लिलिथ म्हटले. पुढे याकोबसन यांनी तिला इनान्ना मानले. कोणी तिला पाताळराणी एरेश्किगल समजतात. शिल्पावर नाव कोरलेले नाही. ज्याने जो प्राणी मोठा मानला, त्याला ती देवी दिसली.

तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तुलना करावी, पण ती वाचनानंतर, वाचनाऐवजी नव्हे. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिली. कुलदैवत तुळजापूरला वा जेजुरीला आणि संसार माळव्यात वा निजामशाहीत, अशी आपली स्थिती. शेजाऱ्याने प्रेमाने 'म्हणजे आमचीच अमुक' असे म्हटले की आपण हसून मान डोलावतो, पण मनात काहीतरी उरते, कारण घरच्या गोंधळात जे आहे ते त्या उत्तरात मावलेले नसते. आपण निदान दुसऱ्या दिवशी ते समजावून सांगू शकतो. इनान्नेच्या वतीने बोलणारा भक्त आता पृथ्वीवर उरलेला नाही. तिच्या बाजूने केवळ मातीच्या विटा बोलतात, आणि त्या सिंहाआधी मेंढ्यांविषयी बोलतात. त्या ऐकून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.