नळदुर्गचा पाणीमहाल : एका जुन्या मताचें परीक्षण

नळदुर्गच्या पाणीमहालाविषयीं सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, तो विजापूरच्या सुलतानांच्या विलासाचा एक नमुना होय. दुसरें असें कीं, तेथील कल्पना मूळची संस्कृत वास्तुग्रंथांतील जलगृहांची असून आदिलशाहींत तिचें केवळ अनुकरण झालें. हें दुसरें मत मी शाळेंत असतांना मुलांस अनेक वर्षें निःशंकपणें सांगत आलों. आतां तें मला ग्राह्य वाटत नाहीं. तेव्हां त्याचीं कारणें अभ्यासकांपुढें मांडणें हें मी माझें कर्तव्य समजतों.

प्रथम वास्तूचें स्वरूप पाहूं. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत बोरी नदीच्या कांठीं नळदुर्ग किल्ला आहे. नदीच्या पलीकडे रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला. या दोहोंमध्यें नदीचें पात्र अडवून काळ्या पाषाणाचा प्रचंड बंधारा घातलेला आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटांतच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८०–१६२७) इ. स. १६१३ मध्यें तो बांधला गेला. बांधणारा म्हणून मीर महंमद इमादीन याचें नांव सांगतात. पायऱ्यांनीं खालीं उतरलें असतां गवाक्षांची एक लहानशी जागा लागते. बंधारा भरून वाहूं लागला म्हणजे जादा पाणी ‘नर’ व ‘मादी’ या नांवांच्या दोन सांडव्यांवरून कोसळतें. आंत बसलेल्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर तेव्हां पाण्याचा पडदा असतो, आणि तो स्वतः मात्र कोरडा राहतो.

अनुकरणाच्या पक्षास आधार दिसतो तो असा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत समुद्रगृहाचा प्रसंग आहे. ‘मेघदूत’ काव्यांत यंत्रधारागृहाचा उल्लेख आहे. भोजाच्या नांवावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ गणपतिशास्त्री यांनीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२४–२५ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या यंत्राध्यायांत धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न व नंद्यावर्त अशीं पांच जलगृहें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं जलमग्न हें जलाशयांतील घर असून त्यांत भुयारानें जावयाचें असतें. पाण्यानें वेढलेली शीतल जागा आणि तींत उतरण्याची आडवाट, एवढें साम्य पाहून माझ्यासारख्याचें मन तत्काळ भुललें.

परंतु साम्य म्हणजे संबंध नव्हे. ग्रंथोक्त जलगृहांत घर हें साध्य असून पाणी हें साधन आहे. घरासाठीं पाणी आणावयाचें, यंत्रानें चढवावयाचें आणि नळांतून सोडावयाचें, हा तेथील क्रम. नळदुर्गास तो नेमका उलट आहे. तेथें आधीं गरज पाण्याची : किल्ल्यांतील शिबंदीस बारमहा पाणी हवें, आणि त्या बाजूनें शत्रूस वाट नको. म्हणून बंधारा; बंधारा आला कीं पुराचें जादा पाणी सोडण्यासाठीं सांडवे; आणि जेथें सांडव्यांचें पाणी पडतें तेथें ही जागा. पाणी चढविण्यास रहाट लागत नाहीं, कीं मोट लागत नाहीं. ज्या पुराची प्रत्येक बंधारा बांधणारास धास्ती, त्यालाच येथें शोभेच्या कामास लावलें आहे. ही युक्ति ग्रंथावरून उतरलेली नव्हे; ती नदीच्या कांठीं उभें राहून सुचलेली दिसते.

विलासाचें मतही याच कसोटीस उतरत नाहीं. केवळ सुखासाठीं केलेलीं जलगृहें आदिलशाहींत होतींच. विजापूरजवळ कुमटगी येथील जलमंडप व तेथील तुषारांची योजना पाहावी. संस्कृत धारागृहाचा भाऊबंद शोधावयाचा तर तो तेथें सांपडेल. नळदुर्गास महाल नसता तरी बंधारा व सांडवे लागलेच असते. बंधारा नसता तर महालाची कल्पनाही संभवली नसती.

या वास्तूस एक दोष देतात. पाऊस नसतांना आलेल्या प्रवाशास तेथें दगडी खोलीपलीकडे कांहीं दिसत नाहीं, आणि तो निराश होऊन परततो. हें खरें आहे. पण आमच्या या अवर्षणाच्या मुलखांत जादा पाणी हें रोजचें दृश्य नव्हेच. आज नदीच्या वरच्या अंगास बोरीचें धरण झालें असल्यामुळें, तें भरून सांडल्याशिवाय नर-मादी वाहत नाहींत. म्हणून पावसाळ्यांत लोक महालाची चौकशी करीत नाहींत; ‘नर-मादी सुरू झाले का?’ असें विचारतात, आणि उत्तरावरून वर्ष कसें जाईल तें ताडतात. त्यांची दृष्टि आम्हां पोथीवाल्यांपेक्षां सरळ आहे : ते महाल आणि नदी वेगळीं करीत नाहींत.

यापुढें या वास्तूचें वर्णन करणारानें गवाक्षांपासून आरंभ न करतां बंधाऱ्यापासून करावा. सांडव्यांची रुंदी व उतार, भिंतीची जाडी, मागें सांचलेला गाळ हें सर्व मोजून मग कमानींकडे वळावें. दुरुस्तीचाही हाच क्रम असावा; कारण महाल सजला आणि सांडवा तुंबला, तर पाहण्यासारखें कांहींच उरणार नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक आज स्वतः शिक्षक असून मुलांना घेऊन नळदुर्गास जातात. माझें जुनें मत त्यांनीं तेथें पुन्हां सांगूं नये, एवढ्यासाठींच हा लेख.