‘कारा’, ‘इल्लुस्त्रिस्सिमो’ आणि मराठी अनुवादक

कार्लो गोल्दोनीच्या ‘ला लोकांदिएरा’ (१७५३) या तीन अंकी सुखात्मिकेतील शिष्टाचाराची वचने ही केवळ तत्कालीन रीतीची सजावट होय, असे समजून अनुवादक त्यांना कात्री लावू शकेल. परंतु तसे केल्यास नाटकाचा कणाच मोडतो. फ्लोरेन्समधील एका खाणावळवजा उतारशाळेत घडणाऱ्या या नाटकात कोण कोणास काय म्हणून हाक मारतो, यावरच बरेचसे नाट्य उभे आहे.

पहिल्याच अंकात नोकर फाब्रीत्सियो याने मार्क्विसास ‘सिन्योरे’ म्हणताच मार्क्विस त्याची शिकवण काढतो. नोकर मग ‘इल्लुस्त्रिस्सिमो’ वर चढतो. पण तीच पदवी त्याने काउंटासही दिली असल्याने मार्क्विस अधिकच संतापतो. मार्क्विसापाशी कुळी आहे, पैका नाही. काउंटाने पैका मोजून पदवी घेतली आहे. दोघांतील भेद आपणास बिलाच्या वेळी कळतो, असा हळूच शेरा नोकर मारतो. येथे मराठीस अडचण नाही. ‘साहेब’, ‘सरकार’, ‘श्रीमंत’ ही उतरंड तिला परिचित आहे.

खरी कसोटी लडिवाळ शब्दांची. काउंट मालकिणीची विचारपूस करताना ‘पाद्रोना’ न म्हणता ‘पाद्रोंचिना’ म्हणतो. या लघुत्वदर्शक प्रत्ययाचे ‘छोट्या मालकीणबाई’ असे भाषांतर केल्यास घरात कोणी थोरल्या मालकीणबाई असाव्यात, असा भास होईल. लघुत्वातून जिव्हाळा आणि आदर एकदम व्यक्त करणारे ‘माउली’सारखे रूप मराठीत आहे खरे, पण त्याची कक्षा वेगळी. ‘आपल्या मालकीणबाई’ यातील ‘आपल्या’ हे पद हे काम अधिक नेमके करते.

दुसऱ्या अंकात स्त्रीद्वेष्टा रिपाफ्रात्ता मिरांदोलिनेच्या खोट्या मूर्च्छेने भांबावतो, तेव्हा त्याच्या तोंडून ‘कारा’ हा शब्द निसटतो. तो स्वतःच त्या शब्दाने दचकतो, आणि लगेच ‘व्होइ’ सोडून ‘तू’वर येतो. ‘कारा’ हा शब्द इटालियनांत साध्या पत्राच्या मायन्यातही येतो, आणि दुकानातील महाग वस्तूसही तोच लागतो. असा रोजचा शब्द असल्यामुळेच तो नकळत निसटू शकतो. ‘प्रिये’ हे संबोधन असे निसटत नाही. त्याच्यामागे संगीत नाटकाचा ऑर्गन वाजू लागतो.

मराठीत ही जवळीक विशेषणापेक्षा हाकेत व सर्वनामात वसते. आरंभापासून ‘अहो बाई’ म्हणणारा हा गृहस्थ येथे ‘अगं’ म्हणून गेला, आणि आपण एका बाईस ‘अगं’ म्हणालो या जाणिवेने चपापला, तर मूळचे दोन्ही धक्के एका अक्षरजोडीत साधतात. मात्र त्यासाठी पहिल्या अंकापासून पथ्य पाळावे लागेल. उतारशाळेची मालकीण म्हणून तिला तुच्छतेने ‘ए बाई’, ‘तू’ असे संबोधले, तर पुढील ‘अगं’ला काहीच किंमत उरणार नाही. मुळातही तो तिरस्काराच्या भरात तिला ‘व्होइ’च म्हणतो, ही गोष्ट अनुवादकाने नजरेआड करू नये.

गोल्दोनी व्हेनिसचा. ‘मी आपला दास’ या अर्थाच्या व्हेनेशियन वचनातूनच आजचा ‘चाओ’ झिजून निघाला, आणि तो आता केवळ सलगीच्या माणसांत चालतो.