आवरणावरून हरवलेला सातपुडा

शहाद्याच्या बाजारातील दुकानांत आणि दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत एके काळी टिमलीच्या, अहिराणी गीतांच्या, भजनांच्या ध्वनिफिती मांडलेल्या असत. पुढे त्यांची जागा सीडीने घेतली; आता तीही गेली आणि गाणी मोबाइलवर आली. गाण्याबरोबर एक चित्र असावे ही रीत मात्र टिकून आहे. या चित्रांना कोणी कला म्हणत नाही, म्हणून त्यांची समीक्षाही होत नाही. ती व्हावयास हवी, कारण दिनदर्शिकेच्या खालोखाल आपल्या घराघरांत शिरलेली छापील चित्रे हीच होत.

ध्वनिमुद्रिकेचे आवरण पूर्वी नुसते वेष्टन होते. जाड, तपकिरी, निर्विकार. १९४० साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यावर प्रथम चित्र योजले, आणि संगीताला चेहरा मिळाला. मोठ्या तबकडीच्या फूटभर चौरसात चित्रकाराला मोकळेपणी वावरता येई. ध्वनिफितीने त्याला चार इंच उंच आणि अडीच इंच रुंद अशा कोपऱ्यात कोंडले. सीडीने बारा सेंटिमीटरचा चौरस दिला. तोवर तालुक्याच्या फोटो स्टुडिओत संगणकही येऊ लागला होता.

थॉमस आणि जॉन नोल या बंधूंची ‘फोटोशॉप’ ही प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ची सोय झाली. लेयर म्हणजे एकावर एक रचलेल्या पारदर्शक काचा. एकीवर डोंगर, दुसरीवर गायक, तिसरीवर अक्षरे. कोणतीही काच केव्हाही काढावी, बदलावी. गायकाच्या कडेने रेघ फिरवून त्याला मूळ छायाचित्रातून अलगद कापून घ्यावे आणि हव्या त्या देखाव्यापुढे उभे करावे. या सोयीचा पहिला बळी ठरली ती पार्श्वभूमी.

आपल्याकडची आवरणे या दृष्टीने पाहावीत. गीत सातपुड्यातील होळीचे, पण मागे बर्फाच्छादित शिखरे. गायक काळा चष्मा लावून हिरवळीवर उभा; त्याच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, डोंगरावर उजवीकडून, आणि पावले गवताला टेकलेलीच नाहीत! सावली कोणी दिलेली नसल्याने तो माणूस तरंगतो. हा केवळ कारागिरीचा दोष नव्हे. ज्या मातीतून गीत आले तिच्यावर गायकाची सावली पडू द्यायची नाही, असाच जणू निर्धार दिसतो. ज्या होळीत डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधीभोपळे बांधून माणसे रात्रभर नाचतात, तिच्याहून अधिक चित्रमय असे स्वित्झर्लंडमध्ये काय आहे?

संगणकापुढे बसलेल्या तरुणाला मी दोष देणार नाही. निर्मात्याला ‘मुंबईसारखे’ हवे असते, तेही संध्याकाळपर्यंत. पडद्यावर तेजाने झळकणारा हिरवा रंग छपाईच्या शाईत मलूल होतो, तेव्हा बोलणीही तोच खातो. जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टंकले की जोडाक्षरे फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटे. ते सांभाळत ज्याने शुद्ध मराठी शीर्षक छापले त्याचे कौतुकच केले पाहिजे. (आपल्या भक्तिगीतांच्या पुस्तिका इतक्या शुद्ध असत्या तर!)

भक्तिगीतांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या अंगणातही डोकवावे. मराठी ख्रिस्ती गीतांच्या आवरणांवर बहुधा निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा प्रभू, एक कबुतर आणि मावळतीचे ढग असतात. त्यांतील कितीतरी मुखवटे वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराच्या १९४० मधील ख्रिस्तमुखाचे वंशज आहेत. वास्तविक पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची पवित्र मरिया रंगवली होती. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या या गोमंतकीयाला स्वजनांचा रोषही पत्करावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरील संविधानात सांगितले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली स्वतःची म्हणून मानलेली नाही. योगायोगाने फिलिप्सची ध्वनिफीतही त्याच वर्षी जगापुढे आली. परिषदेने दार उघडले, पण ध्वनिफितीवरचा प्रभू मात्र परदेशीच राहिला.

साधन बदलण्याची गरज नाही. ज्या लेयरांनी सातपुडा पुसला तेच त्याला परत आणू शकतात. तोरणमाळच्या वाटेवरचे एक साधे छायाचित्र, त्यात ढोल वाजवणाऱ्याचे दोन हात, आणि प्रकाश ज्या दिशेने मुळात आला तसाच राखलेला. एवढ्यावरही उत्तम आवरण होईल. शीर्षकासाठी सोनेरी उठावाची अक्षरे नकोत; रंग उतरत्या उन्हाचाच घ्यावा.

आणि मागची बाजू! आवरणाची माझ्या लेखी हीच खरी कसोटी. तेथे कंपनीचा पत्ता, किंमत आणि नक्कल करणाऱ्यास कारवाईची धमकी ठळक असते. गीत कोणी रचले, पावरी कोणी फुंकली, ढोल कोणाचा, हे बहुधा नसतेच. सीडीच्या मागच्या पत्त्यावर सहा माणसांची नावे सहज मावत. मोबाइलवरील चित्राला तर मागची बाजूच उरलेली नाही. म्हणून ती नावे आता पुढच्याच बाजूला, गायकाच्या पायाशी का होईना, लिहावी लागतील.