दोन प्रश्नपत्रिका, एकच अभ्यासक्रम : माध्यमिक गणिताच्या द्विस्तरीय योजनेची चिकित्सा

माध्यमिक स्तरावर सर्व विद्यार्थ्यांना एकच गणित शिकवावे काय, हा प्रश्न भारतीय शिक्षणविचारात नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. मुलगा-मुलगी, शहर-खेडे असा भेद न करता प्रत्येकास गणित मिळावे, ही त्यामागील भूमिका निःसंशय समतेची होती. ती शिफारस रुजली. परंतु जे गणित सर्वांसाठी म्हणून ठरले, त्याचा आराखडा कोणता विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. दहावीचे गणित हे व्यवहारतः अकरावी विज्ञान शाखेची पूर्वतयारी ठरले. जे त्या वाटेने जाणार नव्हते, त्यांनीही तीच तयारी करावी आणि तीत कमी पडल्यास अनुत्तीर्ण व्हावे, अशी ही रचना आहे.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जानेवारी २०१९ मध्ये परिपत्रक काढून २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे 'स्टँडर्ड' व 'बेसिक' असे दोन स्तर केले. पुढे गणित शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पहिला आणि न इच्छिणाऱ्यांसाठी दुसरा, अशी ही विभागणी होती. योजनेमागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र अभ्यासक्रम, वर्गातील अध्यापन व अंतर्गत मूल्यमापन दोन्ही स्तरांसाठी एकच राहील, हे त्याच परिपत्रकात नमूद होते. वर्षभर सर्वांनी तेच शिकावयाचे आणि फरक केवळ अखेरच्या लेखी परीक्षेत, असा त्याचा अर्थ. वर्ग दुभंगू नये आणि निर्णय शक्य तितका उशिरा व्हावा, हे या तरतुदीचे समर्थन योग्यच आहे. तथापि त्यामुळे 'बेसिक' घेणाऱ्या विद्यार्थ्यास वेगळे गणित मिळाले नाही, त्याच गणितावरचे सोपे प्रश्न तेवढे मिळाले. त्याची भीती कदाचित कमी झाली असेल, पण त्याच्या गरजेचा विचार झाला असे म्हणता येत नाही.

योगायोगाचा भाग असा की, जवळपास याच काळात महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध दिशेने जात होते. बीजगणित-भूमितीला पर्याय म्हणून असलेला 'सामान्य गणित' हा विषय २०१७-१८ मध्ये नववीतून आणि त्यापुढील वर्षी दहावीतून बंद झाला. २०१८ च्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात मात्र 'अर्थनियोजन' हे प्रकरण आले. वस्तू व सेवा कर, शेअर्स, म्युच्युअल फंड हे विषय त्यामुळे सर्वांच्या वाट्याला आले. एका मंडळाने पर्याय काढून आशय थोडा बदलला, तर दुसऱ्याने आशय तोच ठेवून पर्याय दिला. या दोहोंत पहिली दिशा अधिक विचाराची वाटते, जरी पर्याय काढून घेतल्याने ज्यांची अडचण झाली त्यांचा प्रश्न तिने सोडविला नाही.

या संदर्भात इंग्लंडमधील अनुभव उद्बोधक आहे. डब्ल्यू. एच. कॉकक्रॉफ्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८२ मध्ये सादर केलेल्या अहवालात नेमक्या याच दोषावर बोट ठेवले होते. वरच्या गटातील विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या अभ्यासक्रमातून काही घटक गाळून व खोली कमी करून उरलेल्यांचा अभ्यासक्रम बनविला जातो. ही रचना वरून खाली आहे, ती खालून वर असावी, असे समितीचे प्रतिपादन होते. परीक्षेने विद्यार्थ्यास काय येते हे दाखविण्याची संधी द्यावी, काय येत नाही ते उघडे पाडू नये, हेही तिने सांगितले. पुढे १९८८ पासून जीसीएसई परीक्षा सुरू झाली व गणिताचे तीन स्तर ठेवण्यात आले. त्यात सर्वांत खालच्या स्तराची प्रश्नपत्रिका घेणाऱ्यास उत्तरे कितीही बिनचूक लिहिली तरी 'सी' श्रेणी मिळू शकत नव्हती, आणि नोकरी वा पुढील शिक्षणाच्या दारावर तर 'सी'च विचारली जाई. २००८ च्या परीक्षेपासून तीनाऐवजी दोन स्तर झाले व खालच्या स्तरावरही ती श्रेणी खुली झाली. छत घातल्याची चूक दुरुस्त व्हावयास तेथे वीस वर्षे लागली.

खालून वर म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. एखाद्याने एक लाख रुपयांचे कर्ज १२ टक्के 'फ्लॅट' दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर व्याज ३६,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये होतो. तोच १२ टक्के दर घटत्या शिलकीवर असेल, तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये व एकूण व्याज साधारण १९,६०० रुपये भरते. दर एकच सांगितला जातो, पण भार जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या कर्जाचा घटत्या शिलकीवरील दर काढला, तर तो सुमारे २१ टक्के येतो. दहावीनंतर शाळा सोडून दुचाकी वा शिलाई यंत्रासाठी कर्ज घेणाऱ्यास या गणिताची गरज सर्वाधिक. परंतु त्याच्या मुळाशी भूमितीय श्रेढी आहे, आणि दहावीत प्रचलित राहिली ती अंकगणितीय श्रेढी. भूमितीय श्रेढी अकरावीत, म्हणजे गणित सोडणाऱ्याच्या हाती कधीच न येणारी. उपयुक्त ते सोपे आणि अमूर्त ते अवघड, हे स्तरविभागणीमागील गृहीतक येथेच कोसळते. अभियंता होऊ न इच्छिणाऱ्याला कमी गणित लागते असे नाही, त्याला वेगळे लागते, आणि ते प्रसंगी अधिक कठीणही असते.

व्यवहार आणि सिद्धान्त यांची ही फारकत आपल्या परंपरेलाही मान्य नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) व्याज, मिश्रण, धान्याच्या राशी, खोदकाम यांच्याच पंक्तीला कुट्टक आणि अंकपाश बसलेले आहेत. ग्रंथ व्यवहारगणिताचा म्हणून तो कनिष्ठ बुद्धीच्या वाचकासाठी आहे, असे कोणी मानले नाही.

विद्यार्थ्यांचे ध्येय भिन्न असणे आणि त्यांची क्षमता भिन्न असणे, या दोन गोष्टींची गल्लत हा प्रस्तुत योजनेचा मूलभूत दोष होय. राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक स्तरावर कला-विज्ञान आणि वाणिज्य यांसाठी 'गणित व संख्याशास्त्र' या विषयाचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. ही विभागणी ध्येयावर आधारित आहे. वाणिज्याचे गणित घेणाऱ्यास कोणी कच्चा समजत नाही. केंद्रीय मंडळानेही २०२०-२१ पासून अकरावी-बारावीसाठी 'उपयोजित गणित' आणले. रोख्यांचे मूल्यांकन, कर्जाचे हप्ते, कालश्रेणी, शेषांकांचे अंकगणित असा त्यातील आशय भरीव आहे. परंतु दहावीला 'बेसिक' घेतलेल्यांसाठी नेहमीच्या गणिताचे दार मूळ नियमाने बंद आणि उपयोजित गणिताचे उघडे, अशी सांगड घातली गेली. चांगला विषय अशा रीतीने दुय्यमांचा निवारा ठरण्याचा धोका निर्माण झाला. २०२० पासून या नियमात शिथिलता देण्यात आली, आणि 'बेसिक' उत्तीर्ण विद्यार्थ्यास पूरक परीक्षेच्या वेळी 'स्टँडर्ड' देण्याची सोयही मूळ परिपत्रकात होती. या पळवाटा ठेवाव्या लागल्या, यातच पहिला निर्णय फार लवकर घ्यावयास लावला जातो याची कबुली आहे.

हा निर्णय घेतो तरी कोण? कागदोपत्री विद्यार्थी. प्रत्यक्षात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची निवड त्याच्या चाचणीतील गुण, पालकांची धास्ती आणि शाळेला असलेली निकालाची काळजी मिळून करतात. ज्याच्या घरी विचारावयास कोणी नाही, त्याच्या बाबतीत तर शाळेचा शब्दच अखेरचा. महाविद्यालयात वाणिज्य वा अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षास निर्देशांक शिकविताना टक्केवारीतील वाढ आणि टक्केबिंदूंची वाढ यांतील फरकावर जो वर्ग अडतो, त्यात दहावीला उत्तम गुण मिळविलेलेही असतात. त्यांना कोणती प्रश्नपत्रिका दिली होती, याने तेथे फारसा फरक पडत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही, गणितापासून सुरुवात करून सर्व विषय दोन स्तरांवर ठेवण्याचा विचार मांडलेला आहे. मात्र तो मूल्यमापनविषयक भागात, मंडळाच्या परीक्षांच्या संभाव्य प्रारूपांपैकी एक म्हणून येतो. दोन्ही स्तरांवर काय शिकवावयाचे, हे तेथे सांगितलेले नाही.